कापलेला समास

पुस्तक बांधणाऱ्याने पुस्तक वाचू नये, असं तिचे बाबा म्हणायचे. वाचत बसलं की खळ वाळते. बाबा स्वतः मात्र वाचत बसायचे, खळ वाळायची, आणि मग ती पुन्हा शिजवायला धाकटीला पिटाळायचे. धाकटी म्हणजे हीच. आता चोपन्न वर्षांची झाली, केस निम्मे पांढरे झाले, बाबांचं दुकान एकटी चालवू लागली, तरी घरातल्यांसाठी धाकटी ती धाकटीच.

शाळा तिची आठवीत सुटली. पण दुकानात जे जे बांधायला आलं ते तिनं शिवता शिवता वाचून काढलं. कायदा वाचला, बाळंतपण वाचलं, ग्रहतारे वाचले, एकदा तर कुणा जावयाने सासऱ्यावर लावलेल्या दाव्याचे सगळे कागद वाचले आणि दोघांबद्दलही तिला वाईट वाटलं. चाळीस वर्षांत न वाचता बांधलेलं पुस्तक एकच, आणि ते तिच्या सख्ख्या भावाचं होतं.

तसं ते बाबांचं बायबल. बाबांनी स्वतः शिवलेलं, स्वतः कापलेलं, आणि कापताना समास चांगला तीन बोटं रुंद ठेवलेला. माणसाला वाचताना काही सुचलं तर लिहायला जागा नको का, असं त्यांचं म्हणणं. बाबा गेल्यावर ते दादाकडे गेलं. आणि एका मंगळवारी वहिनी ते कापडी पिशवीत घालून दुकानात घेऊन आल्या. पाठ सुटली होती, फर्मे, म्हणजे शिवलेले पानांचे गठ्ठे, लोंबत होते, आणि पानांच्या कडा हात लागून लागून काळ्या झाल्या होत्या.

"वाचा म्हणालेत," वहिनी म्हणाल्या. "आधी वाच म्हणावं, मग बांध."

"त्यांना सांगा, मी बांधायचं काम करते, बाटायचं नाही."

बोलून ती स्वतःच हसली. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीची घडी केली आणि म्हणाल्या, "हे मी काही सांगणार नाही हं, वन्सं." आणि गेल्या.

या बोलण्यामागे आठ वर्षांचा अबोला होता. तसा अगदी अबोला नव्हे. आजारपणं विचारली जायची, एकमेकांकडे जाणं-येणं व्हायचं, पण दोघांमध्ये जे बोलायला हवं होतं तेवढं सोडून बाकी सगळं बोललं जायचं.

दादा नकाशे काढायचा. घरांचे, रस्त्यांचे, गटारांचे. कडक शिशाच्या पेन्सिलीने, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. तो तिशीत असताना त्याला मुलगी झाली आणि नऊ दिवस जगली. त्यांच्या चर्चचे पाद्री घरी आले, देवाची इच्छा म्हणाले, चहा घेतला आणि गेले. ते वाईट नव्हते बिचारे. त्यांना त्यापलीकडे काही येत नव्हतं, इतकंच. पुढच्या वर्षी पांढऱ्या शर्टातली, छातीवर नावाची पट्टी लावलेली दोन तरुण पोरं दादाच्या दारात उभी राहिली. दादाने त्यांना विचारलं, नऊ दिवसांचं मूल तिकडे गेलं की नऊ दिवसांचंच राहतं का? ती पोरं म्हणाली, नाही, वाढतं. दादाने विचारलं, कुठपर्यंत?

त्या प्रश्नाच्या उत्तरापायी दादा त्या पोरांच्या पंथात गेला, मॉर्मन झाला.

त्यांचं म्हणणं दादा सांगायचा ते असं: देवाला आपण बाप म्हणतो ते काही बोलण्यापुरतं नाही. तो खरोखरचा बाप आणि आपण खरोखरची लेकरं. आणि लेकरू वाढून शेवटी कुणासारखं होतं? बापासारखं. म्हणजे माणूसही त्याच्या कृपेने वाढत वाढत एक दिवस देवपणाला पोचू शकतो. नऊ दिवसांची पोरसुद्धा.

बाबांना हे पटलं नाही, पण ते लेकाशी भांडले नाहीत. भांडली ती धाकटी. बाबा गेले त्याच आठवड्यात, जेवणाच्या टेबलावर, पाहुण्यांदेखत. देव देव आहे आणि माणूस माणूस आहे, ती म्हणाली, आणि माणूस देव होईल हे वाक्य बायबलमध्ये पहिल्यांदा कोण बोललंय ठाऊक आहे का? साप. बागेतलं फळ खा, मरणार नाही, देवासारखे व्हाल, म्हणून. तेही तिसऱ्याच अध्यायात. पाहुणे हसले. तिला चेव आला.

"तुमच्या पंथाचं ते दुसरं पुस्तक ठेव बाजूला. बाबांच्या बायबलातून दाखव मला. मग बोलू."

दादाने ताटातलं संपवलं, हात धुतले आणि बाबांचं बायबल बगलेत मारून घरी गेला. पाहुण्यांनी तिचं कौतुक केलं. शिकली नाही पण कशी तोंडात बोट घालायला लावते, म्हणाले. तिला ते कौतुक आठवडाभर पुरलं. नंतर ती ते बोलणं विसरून गेली. विसरायचं म्हटलं की तिला छान विसरता यायचं.

तर ते बायबल आता तिच्या पाटावर उघडं पडलं होतं. तिनं जुनी शिवण उसवली, फर्मे सुटे केले, आणि पान न् पान पेन्सिलीने भरलेलं दिसलं. समासात वरपासून खालपर्यंत दादाचं मुंगीअक्षर. तिच्या मनात आलं, झालं, आता बाबांच्या पुस्तकातही यांचं प्रवचन. तिनं मान दुसरीकडे फिरवली. उसवताना, झटकताना, खळ लावताना, शिवताना ती त्या पानांकडे न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या डोक्याकडे बघावं तशी बघत होती, आत काय चाललंय याच्याशी घेणं-देणं नसल्यासारखी.

शिवण सुंदर झाली. मग कापणी. काळ्या कडा तशाच ठेवाव्यात असं शहाणपण सांगत होतं, कारण जुन्या पुस्तकाची कड नखभर घासावी, कापू नये, हे तिला बाबांनीच शिकवलेलं. पण दादाचं पुस्तक. त्याने हातात घेतलं की त्याला कळलं पाहिजे, बहिणीच्या हाताची सर कुणाला नाही. तिनं पुस्तक यंत्रात सरकवलं, पातं कडेवर आणलं आणि मग अजून जरा आत घेतलं.

पेन्सिलीची टोकं पात्याखाली येत होती. तिला ती दिसली. हे पुढे तिनं स्वतःला पुष्कळ वेळा वेगळ्या प्रकारे सांगून पाहिलं. उजेड कमी होता, चष्मा दुसरा होता. पण उजेड भरपूर होता आणि चष्मा तोच होता. टोकं दिसली आणि मनात आलं, जाईनात का, तसंही चूकच लिहिलं असणार. आणि तिनं दांडा खाली ओढला.

आठवडाभराने पुठ्ठा, कापड सगळं वाळलं. पाठ नीट वळते का हे बघायला तिनं पुस्तक मध्येच कुठेतरी उघडायचं म्हणून उघडलं, तर ते पहिल्याच पानांत उघडलं. उजव्या पानावर, समासात, ओळीच्या सुरुवातीला तिचं नाव होतं.

'धाकटी म्ह', मग खाली 'हे सापाचं वा', मग 'पण बाविसावं वच', 'तिथे देव स्वतः म्ह'. प्रत्येक ओळ कडेला येऊन तुटत होती.

तिनं स्टूल ओढून घेतलं. पुस्तक उजेडाकडे धरलं.

धाकटी म्हणेल, हे सापाचं वाक्य. पण बाविसावं वचन बघ. तिनं बघितलं. तिथे खरंच देव म्हणत होता की, माणूस आमच्यातल्या एकासारखा झाला. म्हणजे साप मरणाबद्दल खोटं बोलला, दादाने पुढे लिहिलं होतं, सगळ्याबद्दल ना. 'ना' म्हणजे नाही. 'ही' कापली गेली होती.

त्या दिवशी तिनं दुकानाचं दार लोटून घेतलं आणि वाचलं. समासात प्रवचन नव्हतं. समासात ती होती. पानोपानी धाकटी म्हणेल, धाकटीला हे पटणार नाही, धाकटीचं इथे बरोबर आहे. तिनं आठ वर्षांपूर्वी पाहुण्यांच्या जिवावर फेकलेला शब्द त्याने मनावर घेतला होता. निवृत्त झाल्यापासून तीन वर्षं बसून, दुसऱ्या पुस्तकाला हात न लावता, फक्त बाबांच्या बायबलातून तिच्याशी बोलत होता. आणि वकिलासारखा नाही. स्तोत्रात जिथे तुम्ही देव आहात असं म्हटलंय, तिथे त्याने बाजूला लिहिलेलं की पुढच्याच ओळीत तुम्ही माणसांसारखे मराल असं आहे, आणि हे बहुधा न्यायाधीशांना उद्देशून आहे, तेव्हा यावर फार भार टाकू नये. लेकरं आहोत म्हणून वारस आहोत असं जिथे आहे, तिथे: धाकटी म्हणेल, वारसाला घर मिळतं, बापपण मिळत नाही. याच्या खाली काही नव्हतं, नुसतं एक टिंब, पेन्सिल बराच वेळ टेकवून ठेवल्यासारखं. आणि जिथे देव म्हणतो माझ्याआधी कोणी देव झाला नाही आणि माझ्यामागून कोणी होणार नाही, तिथे एकच ओळ: इथे माझ्याजवळ उत्तर ना.

डाव्या पानांवर ओळींची सुरुवात गेली होती, उजव्या पानांवर शेवट. बरंचसं अंदाजाने लागत होतं. शेवटची टीप मात्र लागेना. योहानाच्या पत्रात, आपण पुढे काय होऊ हे अजून उघड झालेलं नाही असं जिथे आहे, त्या उजव्या पानावर दादाने सगळ्याचं सार काढलं होतं. 'तेव्हा धाकटे, ती', 'वर्षं वाचून मला', 'एवढंच वाटतं की', 'माणूस शेवटी देव', आणि त्याखालच्या ओळीत 'होणार.'

देव, आणि मग कड. व-वरची रेघ कडेपर्यंत गेलेली. देवच होणार? देवासारखा होणार? की देवाचा होणार? पहिलं असेल तर दादा होता तिथेच होता. शेवटचं असेल तर तो चालत चालत तिच्या दारापर्यंत आला होता. आणि मधलं असेल तर दोघं एकाच ओट्यावर बसून वाद घालू शकले असते, उरलेलं आयुष्य, मजेत.

कापलेल्या पट्ट्या रद्दीच्या पोत्यात होत्या आणि पोतं परवाच लगद्याच्या गिरणीला गेलं होतं. तरी ती तिथवर जाऊन आली. तिथल्या माणसाने हौद दाखवला. आत राखाडी खिरीसारखं काहीतरी फिरत होतं. काही महत्त्वाचं होतं का, त्याने विचारलं. ती म्हणाली, घरगुती होतं.

पुस्तक घेऊन ती दादाकडे गेली तेव्हा तो खिडकीशी खुर्चीत बसला होता आणि ती आत आली तरी त्याने भलतीकडेच तोंड करून विचारलं, कोण? डोळे अधू झालेत एवढं तिला माहीत होतं. पार गेलेत हे वहिनींनी दारातच, हळू आवाजात सांगितलं. मधलं सगळं पुसलं गेलंय, कडेकडेचं थोडं दिसतं. शेवटची पानं तर त्याने भिंगाखाली, नाक कागदाला लावून लिहिली होती.

दादाने पुस्तक मांडीवर घेतलं. पाठीवरून हात फिरवला, मग कडेवरून अंगठा, खाली वर, खाली वर.

"बाबांची कापणी," तो म्हणाला. "अगदी बाबांची. वाचलंस?"

तिनं म्हटलं, थोडं वाचलं. मग घाईघाईने म्हणाली की तूच ऐक ना, मी रोज दुपारी येऊन वाचून दाखवते, तू बोल. दादाचा चेहरा असा उजळला की तिला खिडकीबाहेर बघावं लागलं.

वहिनींनी मध्ये पुस्तक उचललं होतं, चाळलं होतं. त्यांनी एकदा पानाकडे बघितलं, एकदा नणंदेकडे. नंतर धाकटी चपला घालत असताना वहिनी जवळ येऊन म्हणाल्या, "तुमचं तुम्ही सांगा, वन्सं. मी तोंडात गुळणी धरलीय, पण किती दिवस धरू?"

दुपार न् दुपार ती जाऊ लागली. खरं सांगायचं तर त्या दुपारी तिला फार आवडल्या. आठ वर्षांचं बोलणं साठलेलं. ती वचन वाचायची, मग समासातली टीप, आणि तुटल्या जागी अडली की दादा पुढचा शब्द द्यायचा. मग ती म्हणायची, हे काही मला पटत नाही, आणि तो म्हणायचा, तुला तर बाबांनी केलेली खळसुद्धा पटत नव्हती. दैवी स्वभावाचे वाटेकरी व्हाल असं पेत्राने लिहिलंय, त्यावर दोन दुपारी गेल्या. तिचं म्हणणं, विस्तवात सळई लाल होते, म्हणून सळई काही विस्तव होत नाही. दादाने मांडीवर थाप मारली. हे मी लिहायला हवं होतं, म्हणाला.

फक्त ती दर ओळीला अडत होती. आणि का अडतेस म्हणून त्याने विचारलं तेव्हा, पहिल्याच दुपारी, तिच्या तोंडून निघून गेलं की अक्षर लागत नाही रे.

"माझं अक्षर?" दादा म्हणाला. "तीस वर्षं लोकांनी माझ्या अक्षरावर घरं बांधली, धाकटे. एक भिंत वाकडी गेली नाही."

ती हसली. तोही हसला. पण दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं, कुठे लागत नाही, शेवटी शेवटी का? तिसऱ्या दिवशी विचारलं, ओळ खाली घसरते का? नंतर विचारेनासा झाला. एक दिवस ती जरा लवकर पोचली तर तो टेबलाशी बसून कोऱ्या कागदावर स्वतःचं नाव लिहीत होता, बोटाने चाचपून, परत परत, आणि वहिनींना विचारत होता, हे लागतंय का? खरं सांग. वहिनींनी सांगितलं, लागतंय. तो म्हणाला, तू मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस. ती तिकडे वाचताना अडते, मी ऐकतो ना. म्हणजे डोळ्यांआधी हात गेला होता माझा, आणि मला कळलंसुद्धा नाही. तीन वर्षं गिरगटत बसलो.

ती दारातच उभी होती. वहिनी तिच्याकडे बघून उठल्या आणि आत निघून गेल्या.

"दादा, अक्षर चांगलंय तुझं," ती म्हणाली. "मी कापलंय."

त्याला कळेना. मग तिनं सगळं सांगितलं. काळ्या कडा, पातं, किती आत घेतलं. तो ऐकत होता, आणि विचारलं त्याने आधी भलतंच.

"म्हणजे अक्षर सरळ आहे?"

"मोत्यासारखं आहे."

त्याने श्वास सोडला. लिहिलेला कागद चाचपून उचलला, घडी केली, खिशात ठेवला. तिला वाटलं, झालं, सुटलो आपण. पण दादा माप घेतल्याशिवाय काही सोडणाऱ्यांतला नव्हता.

"किती कापलंस?"

"पाऊण सेंटिमीटर."

"माझं लिहिलेलं दिसत होतं?"

"टोकं दिसत होती."

"मग?"

इथे तिला उजेडाचं सांगता आलं असतं. चष्म्याचंही. तिनं सांगितलं ते असं, की मला वाटलं, तसंही चूकच लिहिलं असणार.

बाहेर कुणीतरी शिडी ओढत नेत होतं, तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. दादा खिडकीकडे तोंड करून बसला होता. कडेकडेचं दिसतं त्याला, तेव्हा कदाचित तिच्याकडेच बघत असेल, तिला कळायला मार्ग नव्हता.

ती म्हणाली, बाकीचं मी तुला विचारून विचारून लिहून काढते, वेगळ्या वहीत. तो म्हणाला, काढ. मग ती म्हणाली, शेवटची टीप तेवढी सांग. माणूस शेवटी देव, मग कापलंय, मग होणार. काय होतं तिथे?

दादाने खिशातल्या कागदावर हात ठेवला.

"आठवत नाही का?"

"आठवतंय की," तो म्हणाला. "तो शब्द लिहायला मला चार महिने लागले. दोनदा खोडलाय."

तिनं पुस्तक उघडलं, कडेशी बोट धरलं. खोडल्याची काळपट छाया होती खरी, व-च्या पुढे, कडेपर्यंत.

"मग सांग ना."

"नाही सांगणार."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिनं हातपाय जोडले असते, रडली असती, धाकटेपणाचा सगळा हक्क वसूल केला असता. तो समजावल्यासारखा बोलत होता, लहानपणी तिला गणित समजावायचा तसा. म्हणाला, बघ, आता मी तुझ्या बाजूचा शब्द सांगितला तर तुला वाटेल, दादाने माफ केलं. माझ्या बाजूचा सांगितला तर वाटेल, दादाने सूड घेतला. जो शब्द मी लिहिला होता तो तुला आता ऐकूच यायचा नाही. पुस्तक पाठवलं तेव्हा तू रागावलेली होतीस, धाकटे. तेव्हा वाचला असतास तर तो शब्द नुसता शब्द होता.

ती म्हणाली, असं नको करूस. तो म्हणाला, मी काही करत नाहीये.

वहिनी पाणी घेऊन आल्या, तांब्या ठेवून परत गेल्या. ती पाणी प्यायली. पुढे कितीतरी दिवस ती त्या एका जागेत शब्द बसवून बघणार होती, दुकानात शिवताना, रस्त्यानं चालताना, आणि प्रत्येक शब्द बसणार होता, हीच खोड होती त्या जागेची. तिच्या चर्चमध्ये कुणी विचारलं असतं, तर तिचं मत काही बदललं नव्हतं. माणूस माणूस आहे, ती अजूनही म्हणाली असती. फक्त तेवढ्यावर आता तिला गप्प बसवत नव्हतं. भावाला काय वाटतं हे तिला हवं होतं, आणि ते त्याने तीन वर्षं खपून, डोळे घालवून, तिच्या हातात आणून दिलं होतं.

"वाचणार आहेस की जाणार आहेस?" दादाने विचारलं.

ती म्हणाली, वाचते.

"मग वाच पुढचं. समासातलं नको. नुसतं छापलेलं वाच."

तिनं चष्मा पुसला आणि छापलेलं वाचायला लागली, एकदाही न अडता.